मारबतीच्या आधी: घरात शिरणाऱ्या किड्यांचा वर्षभराचा बंदोबस्त

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच आमच्या गावातली पोरं दारादारात लावलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उचलतात आणि ओरडत ओरडत शिवेपलीकडे नेऊन टाकतात. रोगराई आणि किडे गावाबाहेर घालवायची ही मारबत. "माशा, मच्छर, ढेकूण घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मी लहानपणी हेच ओरडत पळाले, माझ्या लेकी पळाल्या, आता नातू पळतो. श्रावण नुकताच सरलेला असतो. उकिरडा ओला, नाल्या तुंबलेल्या, आणि घराघरात कोणी ना कोणी तापानं फणफणलेलं. किड्यांना वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ हाच, म्हणून ती आरोळी बरोबर त्याच वेळी येते.

पण तोवर उशीर झालेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी चौदा वर्षं आशा म्हणून काम केलं. घरोघरी जाऊन टिपाडं, म्हणजे पाण्याची पिंपं, उघडून पाहिली, कोठ्यांत डोकावले, भिंतींना टॉर्च लावला. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. किडा दिसतो तो दिवस आणि त्याचा बंदोबस्त करायचा दिवस, यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं. तुरीतला भुंगा आषाढात दिसतो, त्याचं काम वैशाखात करायचं असतं. डेंग्यूचा डास भादव्यात चावतो, त्याची अंडी जूनमध्ये बंद केलेल्या कूलरला चिकटलेली असतात. म्हणून मी किड्यांच्या नावांप्रमाणे न सांगता महिन्यांप्रमाणे सांगते.

आधी विषाचं

शेतात फवारायचं औषध घरात वापरू नका. ढेकणांवर नाही, झुरळांवर नाही, उधईवर, म्हणजे वाळवीवर, नाही, लेकरांच्या डोक्यातल्या उवांवर तर कधीच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात गेले, कित्येक घरी परतले नाहीत. त्या दिवसांत मी माझ्या गावातल्या प्रत्येक घरी विचारलं, उरलेल्या बाटल्या कुठं आहेत? कुठं चुलीमागच्या कोनाड्यात होत्या, कुठं तेलाच्या डब्याशेजारी. एका घरी तर तान्ह्या लेकराच्या बाजेखाली होती, कारण आदल्या आठवड्यात त्यातलं थोडं पाण्यात कालवून ढेकणांसाठी शिंपडलं होतं.

दुसरं, धान्यातल्या गोळ्या. लोक त्यांना सल्फास म्हणतात. हवेतली ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. तो अंगात गेला तर त्यावर उतारा नाही. माझ्या चुलत नणंदेच्या घरी गव्हाच्या कट्ट्यांत या गोळ्या टाकल्या, खोलीचं दार लावलं आणि शेजारच्या खोलीत सगळे झोपले. आपल्या कवेलूच्या घरांत मधली भिंत छपरापर्यंत जात नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पहाटे दोन्ही लेकरांना उलट्या सुरू झाल्या. धाकटी वाचली नाही. सहा वर्षांची होती. या गोळ्या सामान्य माणसाला विकायची परवानगी नाही, तरी त्या मिळतात. कोणी दिल्या तरी राहत्या घरात आणू नका. शेजाऱ्यानं टाकल्याचं कळलं तर त्याला जाऊन सांगा. भांडण झालं तरी चालेल.

चैत्र-वैशाख: ऊन आहे तोवर

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. बाहेरचे लोक या उन्हाला घाबरतात, पण धान्याच्या किड्याला याहून चांगलं औषध मी पाहिलं नाही.

तुरीपासून सुरुवात करते, कारण आपल्या घरातलं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. पुष्कळांना वाटतं, भुंगा कोठीत येतो. तो बहुतेक वेळा शेतातूनच येतो. शेंग झाडावर असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते. नंतर घरात ती दाण्यावर घालते. तूर तळहातावर घेऊन उजेडात पाहा. दाण्याला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर ते अंडं आहे. अळी तिथूनच आत शिरते, आतलं खाते, आतच कोषात जाते आणि गोल भोक पाडून भुंगा होऊन बाहेर पडते. भोक दिसलं म्हणजे तो दाणा गेला. उबेच्या दिवसांत ही फेरी महिन्याभरात पुरी होते, आणि एकेक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. चार दाण्यांना लागलेली कीड दिवाळीपर्यंत कोठी कशी पोखरते, ते यावरून समजेल.

वाळवण असं करा. स्लॅबवर किंवा अंगणात काळं प्लास्टिक अंथरा, त्यावर दोन बोटं जाडीचा थर पसरा. भर उन्हात तीन दिवस ठेवा, तासा-दीड तासानं हातानं किंवा दाताळ्यानं उलथा. काळ्या प्लास्टिकवर दाणा इतका तापतो की आतली अंडी-अळ्या मरतात. वरून पारदर्शक प्लास्टिक टाकून कडा दगडांनी दाबल्या तर आणखी चांगलं. वाळला की नाही ते पाहायला यंत्र लागत नाही. सासूबाई दाणा दाढेखाली धरत आणि म्हणत, "कट्ट वाजला पाह्यजे. दबला त अजून ओला हाये." कृषी खात्याचे लोक कडधान्यात दहा टक्क्यांच्या आत ओल ठेवा म्हणतात. ते आणि सासूबाईंची दाढ एकच सांगत होते.

पुढची पायरी नव्या सुना हमखास चुकतात. मीही चुकले होते आणि एक पोतं बुरशीनं गेलं. तापलेलं धान्य तसंच कोठीत भरायचं नाही. "गरम दाना भरू नोको वं, त्याले आत घाम येते," असं सासूबाई सांगायच्या आणि तो घाम खरंच येतो. संध्याकाळी धान्य घरात आणून पसरा, रात्रभर निवू द्या, सकाळी भरा.

घरची खायची तूर असेल तर तेल-पाणी लावून लवकर डाळ करून टाका. अख्ख्या तुरीला लागतो तेवढा भुंगा डाळीला लागत नाही. अख्खं कडधान्य ठेवायचंच असेल तर किलोला चमचाभर, म्हणजे ५ मिली, खायचं तेल चोळा. क्विंटलला अर्धा लिटर होतं. तेलाचा हात लागलेल्या दाण्यावर अंडी टिकत नाहीत. मूग, चवळी, वाल यांचं बियाणं मात्र मी गोवरीच्या चाळलेल्या राखेत, मडक्यात, तोंड शेणामातीनं लिंपून ठेवते. राखेनं किड्याच्या अंगावरचा पातळ थर खरवडला जातो आणि तो वाळून मरतो.

गव्हा-ज्वारीतल्या सोंड्यांची गोष्ट वेगळी. ते नव्या धान्यातून येतात त्यापेक्षा जुन्यातून जास्त येतात. कोठीच्या बुडाशी उरलेले चार पायल्या गहू, जुन्या पोत्याच्या शिवणी, ढोलीच्या बांबूमधल्या फटी, ही त्यांची ठिकाणं. म्हणून नवं धान्य भरायच्या आधी कोठी पूर्ण रिकामी करा, कोपरे पत्र्याच्या तुकड्यानं खरवडा, दोन दिवस उन्हात उलटी घाला. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा. ढोली असेल तर आतून शेणामातीचा नवा हात द्या आणि तो खडखडीत वाळू द्या. जुनं धान्य नव्यात कधी मिसळू नका, मूठभर असलं तरी. कट्टे जमिनीवर न ठेवता फळीवर किंवा विटांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर सोडा.

कडुनिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत पुरा वाळलेला टाका. ओलसर पाला टाकून लोक धान्यात ओल घालतात. आमच्या घरी बिबेही टाकत. ते मी बंद केलं, कारण बिब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात आणि धान्य उपसताना तो लेकरांच्या हाती लागतो.

इतकं करूनही श्रावणात कीड निघालीच, तर उघडीप पाहून धान्य चाळा. चाळणीखालचे किडे अंगणात झटकू नका, ते चालत परत येतात. कोंबड्यांपुढे टाका किंवा गरम पाण्यात.

याच उन्हात ढेकणांचंही काम उरकतं. ढेकूण अस्वच्छतेनं होतात हा समज काढून टाका. ते एसटीतून, लग्नघरच्या गाद्यांतून, वसतिगृहातून आलेल्या पेटीतून येतात, आणि रक्त न मिळता महिनोन् महिने तग धरतात. म्हणून "खोली दोन महिने बंद ठेवली" याला काही अर्थ नाही. रात्री टॉर्च घेऊन बाजेचे सांधे, सुतळीच्या गाठी, गादीची शिवण, भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू पाहा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण तिथंच आहेत. बाज अंगणात काढा, सांध्यांत उकळतं पाणी ओता, दिवसभर उन्हात उभी ठेवा. सुतळी जुनी असेल तर काढून जाळा, नवी विणा. कपडे-चादरी काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात टाका. दहा दिवसांनी हेच सगळं पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या खेपेतून वाचतात आणि आठवड्याभरात फुटतात. लोक दुसरी खेप करत नाहीत आणि मग म्हणतात, ढेकूण जातच नाहीत.

मृगाच्या आधी: भिंती

मृग लागायच्या आधीचे पंधरा दिवस मी भिंतींना देते. आमचं अर्धं घर मातीचं, अर्धं विटांचं. मातीच्या भिंतीला भेगा पडतात आणि आपण त्याकडे पावसाच्या भीतीनं पाहतो, किड्यांच्या नाही. विदर्भात तरी तसं पाहायला हवं. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांत एक विषाणू सापडला आणि त्या गावाचंच नाव त्याला मिळालं. लेकराला एकाएकी जोराचा ताप येतो, झटके येतात, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तो पसरवणारी वाळूमाशी डासाहून लहान असते, उडण्यापेक्षा उड्या मारत फिरते, मच्छरदाणीच्या साध्या जाळीतूनही आत येते. दिवसा ती भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात लपते, आणि अंडीही शेणाच्या, पाल्याच्या ओल्या मातीत घालते.

म्हणून जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंतच्या सगळ्या भेगा आतून-बाहेरून लिंपून घ्या. पांढरी माती, भुसा, शेण जे असेल ते, पण भेग भरली पाहिजे, वरवर सारवून चालत नाही. गोठा घराला लागून असेल तर त्याची भिंतही करा. आरोग्य खात्याचे फवारणीवाले आले तर त्यांना फक्त ओसरी दाखवून परत पाठवू नका, झोपायची खोली आणि गोठा दोन्ही फवारून घ्या आणि नंतर काही आठवडे त्यावर सारवू नका. ताप आणि झटका आलेल्या लेकराला घेऊन बाहेरचं पाहणाऱ्याकडे जाऊ नका. सरळ दवाखाना, रात्र असली तरी, १०८ ला फोन करून.

उधईसाठीही हीच वेळ. उधई म्हणजे वाळवी. ती अंधार, ओल आणि जमिनीचा आधार सोडत नाही, म्हणून भिंतीवरून चढताना मातीची बोगदी बांधत जाते. घराच्या जोत्यावरून एक चक्कर मारा, सगळीकडून. मातीची पेन्सिलीएवढी रेघ दिसली की बोटानं तोडा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पुन्हा बांधली असेल तर आत उधई जिवंत आहे.

ती आपण स्वतः घरात आणतो. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, गंजी घराच्या भिंतीला टेकवून रचायची सवय आपल्या सगळ्या गावाला आहे, सरपण हाताशी पाहिजे म्हणून. त्या गंजीखाली उधई, विंचू, उंदीर सगळे एकत्र राहतात, आणि उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीही पुढच्या हंगामाची वाट पाहत असते. गंजी घरापासून दूर, दगडांवर रचा. अंगणातली लाकडंही दगडांवर. दाराची चौकट जमिनीत गाडलेली असेल तर तिच्या बुडाशी लक्ष ठेवा. सागवानाला उधई लागत नाही म्हणतात, ते त्याच्या आतल्या गाभ्यापुरतं खरं आहे. बाहेरचा फिका भाग ती मजेत खाते.

माझ्या थोरलीची दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला भिंतीतल्या फडताळात होता. प्रवेशाच्या आदल्या दिवशी पिशवी काढली तर वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत नुसती माती. ती मटकन खाली बसली, आणि नव्या प्रतीसाठी आम्ही दीड महिना फिरलो. तेव्हापासून सातबारा, रेशन कार्ड, दाखले सगळं लोखंडी पेटीत, पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर पंखवाल्या उधईचे थवे येतात. सकाळी पंखांचा सडा दिव्याखाली दिसला तर ती बाहेरून आलेली. बंद खोलीत, चौकटीजवळ, जिथं दिवा नव्हता तिथं पंख दिसले तर वसाहत घरातच आहे. मग रॉकेल ओतून काही होत नाही, राणी जमिनीत खोल असते. शिकलेल्या माणसाकडून जमिनीत आणि जोत्याला औषध घालून घ्या. नवं घर बांधत असाल तर फरशी बसण्याआधी हे करून घ्या, नंतर पाचपट त्रास पडतो. शेताच्या बांधावरची वारुळं खणत बसू नका, त्यांत नाग असतो आणि घरातल्या उधईशी त्यांचा संबंध बहुधा नसतोच.

बांबूच्या ताट्यांतून पिवळा भुगा पडत असेल तर तो लहान भुंग्याचा. त्याला बांबूतली गोडी हवी असते. हिवाळ्यात तोडलेला बांबू नाल्यात महिनाभर बुडवून ठेवला की ती निघून जाते.

मृगात जमिनीवर मखमलीचे लाल किडे निघतात. ते काहीही करत नाहीत, उलट जमिनीतले बारीक किडे आणि त्यांची अंडी खातात. लेकरांना ते हातावर घेऊन पाहू द्या, पण डबीत कोंडू देऊ नका.

पाणी

डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं आयुष्य आठ-दहा दिवसांत होतं. म्हणून आठवड्याचा एक दिवस कोरडा. आमच्या घरी तो बाजाराचा दिवस आहे, त्यामुळे विसरत नाही. टिपाड, रांजण, बैलांची नांद, कोंबड्यांचं भांडं, सगळं उलटं. नुसतं उलटं करून भागत नाही, आतून घासायचं. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठावर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवतो, आणि ती अंडी कोरडी पडून महिनोन् महिने जिवंत राहतात. पाणी आलं की फुटतात.

याच कारणानं मी कूलरवर इतकी अडून बसते. आपल्याकडे घरोघरी कूलर. पाऊस आला की आपण तो बंद करतो आणि कापड टाकून कोपऱ्यात ढकलतो, तळाशी दोन बोटं पाणी तसंच. माझ्या सर्वेक्षणात अळ्या मिळायच्या त्या सगळ्यात जास्त तिथं, आणि ज्यांच्या घरी मिळायच्या ते म्हणायचे, "तो त बंद हाये नं ताई!" कूलर बंद कराल त्या दिवशी पाणी काढा, टाकी घासणीनं चारी बाजूंनी घासा, आतलं गवत काढून जाळा, आणि उन्हात वाळवून मग झाका. पुढच्या उन्हाळ्यात नवं गवत घाला.

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, म्हणून टिपाड ओता म्हणणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. बाया माझ्यावर चिडत आणि त्यांचं बरोबर होतं. ओतता येत नसेल तर जुन्या सुती लुगड्याचं कापड दुपदरी करून तोंडाला दोरीनं घट्ट बांधा, पाणी कापडातूनच भरा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. टिनाच्या छपरावर पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले टायर काढून त्याजागी दगड ठेवा. शौचालयाच्या हवेच्या पाइपाला नायलॉनची जाळी बांधा, जुना मोजाही चालतो. शौचालयाच्या टाकीतल्या घाण पाण्यात वाढणारा डास पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे हत्तीरोग पसरवतो. तिकडच्या बहिणींना सांगते, आशा हत्तीरोगाच्या वर्षातून एकदाच्या गोळ्या घेऊन दारात आली की तिच्यासमोर खा, उशाशी ठेवू नका.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या लेकरालाही मच्छरदाणी लावा. निंबाच्या धुरानं डास बाहेर जातात, मरत नाहीत. धूर करायचा तर लेकरू आणि बाळंतीण बाहेर असताना करा.

माशांचं थोडक्यात: ताजं शेण उघडं राहिलं तर आठवड्या-दहा दिवसांत त्यातून माशा निघतात. रोजच्या शेणावर रोज कोरडी माती किंवा कुटार (भुसा) टाका, उकिरडा विहिरीपासून आणि चुलीपासून लांब न्या. झुरळांना रात्रीचं पाणी तोडायचं, म्हणजे झोपण्यापूर्वी मोरी आणि ओटा कोरडा पुसायचा. मग बोरिक पावडर, साखर आणि बेसन सारख्या भागानं घेऊन कांद्याच्या रसात मळा, हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, शेगडीमागे आणि कपाटाखाली अशा ठिकाणी ठेवा जिथं लेकराचा हात पोचत नाही. हेही विषच आहे.

भादवा ते दिवाळी

गवत कमरेएवढं वाढतं तेव्हा त्यातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक किड्यांपासून स्क्रब टायफस नावाचा ताप होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूला त्याची साथ होती. ताप आणि अंगावर कुठं, काखेत, जांघेत, सिगारेटीनं भाजल्यासारखा काळा डाग असेल तर डॉक्टरला तो दाखवा. दुखत नाही, म्हणून लोक सांगत नाहीत. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. घराभोवतीचं गवत कापा, आणि गवतात बसून आलात तर आंघोळ करून कपडे बदला.

पावसाळ्यात रात्री दिव्यावर मुंगीसारखा दिसणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा एक लांबट किडा येतो. तो चावत नाही. आपण त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्यातल्या पाण्यानं दुसऱ्या दिवशी आगीसारखा चट्टा, मग फोड. लोक "कोळी मुतला" म्हणतात, कोणी नागीण समजून मंत्र करवतात. किडा दिसला तर फुंकर मारा, रगडू नका. रगडला गेलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. झोपण्याच्या अर्धा तास आधी खोलीतला दिवा बंद, अंगणातला चालू ठेवा, किडे तिकडे जातात.

कानात किडा गेला तर काडी घालू नका. कान वाहत नसेल तर खोबरेल तेलाचे चार थेंब टाका, किडा आत मरतो, मग दवाखान्यात काढून घ्या.

धानाच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास दिव्यांवर हिरव्या तुडतुड्यांचा खच पडतो. धान पिकत आलं की ते उजेडाकडे येतात. माणसाला त्यांचा धोका नाही, फक्त फराळाची परात झाकून ठेवा.

थंडीचे कपडे काढाल तेव्हा कपडे खाणारी कसर लागली का पाहा. आणि डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं अंगडं-टोपडं, शाल तान्ह्या बाळाला लगेच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः असा दोष असतो की त्या वासानं रक्त फुटतं, कावीळ होते. बाळाचे कपडे वाळलेल्या निंबाच्या पाल्यात ठेवा, घालण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवा.

कापूस घरात येतो तेव्हा

वेचणी सुरू झाली आणि भाव पडलेला असला की कापूस घरात साचतो, कधी होळीपर्यंत. आमच्या मधल्या खोलीत एका वर्षी छतापर्यंत होता आणि आम्ही त्याच्यावरच झोपत होतो, मऊ लागतो म्हणून. महिन्याभरात सगळ्यांच्या मानेवर, पोटावर लाल पुरळ, खाज अशी की रात्र रात्र झोप नाही. मला वाटलं खरूज, सगळ्यांना मलम लावलं, काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कापूस हाये का?" कापसातल्या अळ्या-किड्यांवर जगणारे, डोळ्याला न दिसणारे बारीक जीव माणसालाही चावतात. ते अंगावर घर करत नाहीत, म्हणून अंगाला मलम लावून थांबत नाही. कापूस हलवला की आठवड्याभरात खाज गेली.

कापसातून लाल आणि करडे ढेकूणही भिंतीवर चढतात. ते सरकीतला रस शोषतात, बाजेतल्या ढेकणांशी त्यांचं नातं नाही. झाडून गरम पाण्यात टाका.

वेचलेला कापूस एक-दोन दिवस उन्हात पसरा, किडकी बोंडं आणि खराब कापसाची कवडी वेगळी काढा. साठवायचा तर राहत्या घरापासून वेगळ्या खोलीत, फळ्यांवर, प्लास्टिक अंथरून. खोली एकच असेल तर मध्ये ताडपत्री वरपासून खालपर्यंत टांगा. भरायला-काढायला जाल तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकाला दुपट्टा बांधा, बाहेर आल्यावर आंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. कापूस विकून झाला की खोली खालपासून वर झाडा, गाळ जाळा, दोन दिवस दार-खिडकी उघडी ठेवा. आणि तोवर त्या खोलीत लेकरू झोपवू नका, ते कितीही हट्ट करो.